गाभडणारी जनावरे आणि तबेल्यांची जबाबदारी
कल्याण, भिवंडी आणि ठाण्याच्या तबेल्यांतील म्हशी बहुधा तिथे जन्मलेल्या नसतात. त्या बाहेरून, अनेकदा परराज्यांतून, विकत आणल्या जातात, आणि या ये-जामुळेच ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूमुळे होणारा सांसर्गिक गर्भपात, एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर सहज पोहोचू शकतो. वरवर धडधाकट दिसणारे गाभण जनावर या रोगात बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, गर्भाशयाला सूज येते आणि पुढे ते वारंवार उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभ धरत नाही. गाभडलेला गर्भ, वार आणि स्राव यांत जिवाणू विपुल असतात; ते उघड्या हातांनी ओढून उकिरड्यावर टाकणाऱ्या कामगाराला महिनोन्‌महिने चढउतार करणारा ताप आणि सांधेदुखी जडू शकते. न उकळलेल्या दुधातूनही हाच धोका संभवतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलोसिसची लस टोचण्याची तरतूद आहे, आणि मुरबाड-शहापूरच्या पशुपालकांनी ती संधी दवडता कामा नये. परंतु प्रौढ म्हैस विकत घेणाऱ्या तबेल्याला या तरतुदीचा थेट आधार मिळत नाही. म्हणूनच खरेदीपूर्वी रक्ततपासणी, नवे जनावर काही काळ वेगळे बांधणे आणि वार चुना टाकून खोल पुरणे या गोष्टी तबेल्यांवर बंधनकारक कराव्यात, आणि तपासणीचा खर्च शासनाने उचलावा. कारण बाधित म्हैस गुपचूप बाजारात विकण्याचा मोह त्याशिवाय आवरणार नाही.