पाच गोष्टींचा फंडा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. आपल्या पट्ट्यात पेशंट सीरियस झाला की सल्ला ठरलेला : ‘ठाण्याला हलवा, तिकडे मोठं आयसीयू आहे.’ मोठं म्हणजे काय हो, जास्त मशिन्स? मी हल्ली मशिन्स मोजत नाही, हात धुवायचं बेसिन शोधते!

कारण २००६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या मिशिगनचा अभ्यास. १०३ आयसीयूंमध्ये मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी पाळल्या : हात धुणं, गाऊन-मास्क-ग्लोव्हज घालून पेशंटला नीट झाकणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. एखादी गोष्ट राहिली तर डॉक्टरला थांबवायचा हक्क नर्सला! दीड वर्षात नळीमुळे रक्तात होणारं इन्फेक्शन ६६ टक्क्यांपर्यंत घटलं. ना नवं मशीन, ना महागडं औषध.

आपल्या देशात २०१०-११ मध्ये १२४ आयसीयूंची पाहणी झाली, तेव्हा दर चार पेशंटमागे एकाहून जास्त जणांना सेप्सिस होता. तेव्हा काचेबाहेर नुसते मोबाइल चाळत बसू नका. डॉक्टर राऊंडला आले की नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, ही नळी आजही लागतेय का?’

विचारायला पैसे पडत नाहीत, बॉस!