वही करमुक्त झाली, भुर्दंड दुकानदाराच्या माथी

आधी माझी चूक सांगते, मग सरकारची.

22 सप्टेंबर 2025. सोमवार होता, घटस्थापनेचा दिवस. जीएसटीचे नवे दर त्या दिवसापासून लागू झाले. मी वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिलं: वही 12 वरून 0, पेन्सिल 12 वरून 0, शार्पनर 12 वरून 0, नकाशा 12 वरून 0, खोडरबर 5 वरून 0. मुलांना सांगितलं, "आजपासून या वस्तूंवर कर नाही. दुकानात जुनी किंमत मागितली तर विचारायचं." ग्राहकाचे हक्क शिकवल्याचं समाधान घेऊन मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात एका मुलाच्या अम्मीने भर गर्दीत चाचांना "लुटारू" म्हटलं. मुलाने माझं नाव सांगितलं होतं. संध्याकाळी मी दुकानात गेले. चाचा रागावले नाहीत. त्यांनी फक्त मे महिन्यातलं खरेदीचं बिल काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "टीचर, तुम्ही शिकलेल्या आहात. हे वाचून सांगा, यातला कर मला कोण परत देणार?"

मी ते बिल दोनदा वाचलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते बिलात नव्हतं, आणि कायद्यात होतं ते चाचांच्या विरोधातलं होतं.

हिशेब सोपा आहे, म्हणून सोप्या आकड्यांत मांडते. समजा एका वहीची मूळ किंमत 40 रुपये. त्यावर 12 टक्के कर, म्हणजे 4 रुपये 80 पैसे. चाचांनी ती वही 44 रुपये 80 पैशांना घेतली आणि 50 ला विकायला ठेवली. सुटतात 5 रुपये 20 पैसे. त्यातून दुकानाचं भाडं, वीज, पोऱ्याचा पगार. आता 22 सप्टेंबरनंतर शेजारच्या दुकानदाराने नवा माल 40 ला उचलला आणि 45 ला विकायला लावला. चाचांनाही 45 लाच विकावी लागणार. त्यांच्या हातात उरतात 20 पैसे. हजार वह्या शिल्लक असतील तर जिथे 5,200 रुपये सुटायचे तिथे 200 सुटतील.

वह्यांचा मोसम जूनचा. सप्टेंबरात दुकानात असतो तो उरलेला माल, दिवाळीनंतरच्या सत्रासाठी राखून ठेवलेला. नेमका तोच माल सापडला.

कुणी म्हणेल, चाचांची उलाढाल 40 लाखांच्या आत, त्यांची जीएसटी नोंदणी नाही, म्हणून असं झालं. नोंदणी केली असती तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळालं असतं. नाही मिळालं असतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 18(4) सांगतं की करपात्र वस्तू करमुक्त झाली, तर त्या दिवशी दुकानात शिल्लक असलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट सरकारला परत करायचं. म्हणजे नोंदणी असलेल्या दुकानदारालाही वही 44 रुपये 80 पैशांनाच पडली. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तर क्रेडिट मुळातच नसतं. तीन प्रकारचे दुकानदार, तिघांचा शेवट एकच. आणि वही करमुक्त, कंपास पेटी 5 टक्क्यांवर, अशा मिश्र मालाच्या दुकानदाराने भाडं आणि इतर खर्चावरच्या क्रेडिटचीही वाटणी करायची, करमुक्त मालाच्या वाट्याचं सोडून द्यायचं. त्यासाठी अकाउंटंट लागतो, आणि त्याची फी कोणत्याही यादीत शून्य झालेली नाही.

मी भाषा शिकवते, म्हणून शब्दाला अडते. करमाफी. माफ हा शब्द आपण उर्दूतही वापरतो आणि मराठीतही. ज्याचं देणं आहे त्याला माफ करतात. इथे देणं कुणाचं होतं? सरकारने कर तर मे महिन्यातच वसूल केला होता, चाचांच्या खिशातून. सप्टेंबरात माफ झाला तो गिऱ्हाइकाला, आणि जी रक्कम माफ झाली ती चाचांची होती. दुसऱ्याच्या पैशाने दानशूर व्हायला काहीच लागत नाही.

सरकारला दुसरा मार्ग माहीत नाही असंही नाही. निर्यातीच्या मालाला कायदा 'शून्य दराचा' मानतो. तिथे विक्रीवर कर नाही आणि खरेदीत भरलेला करही परत मिळतो. वहीला मात्र 'करमुक्त' केलं. तिथे विक्रीवर कर नाही, पण खरेदीतला कर अडकतो. गिऱ्हाइकाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात. फरक कळतो तो दुकानदाराला आणि कारखानदाराला. वही बनवणाऱ्याच्या शाईवर, गोंदावर, यंत्रावर कर आहेच, आणि त्याचं क्रेडिट आता त्याला नाही. मग तो ते मूळ किमतीत टाकणार. म्हणून वही पूर्ण बारा टक्क्यांनी उतरली नाही तर शिव्या पुन्हा काउंटरवरच्या माणसालाच.

ही पहिली वेळ नाही. जुलै 2018 मध्ये सॅनिटरी पॅड 12 टक्क्यांवरून करमुक्त झाले, तेव्हाही क्रेडिटचा हाच घोळ झाला. 18 जुलै 2022 पासून उलटा फेरा आला. 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या आटा, डाळ, तांदळावर, अगदी पाकिटातल्या दह्यावरही 5 टक्के लागले. सुट्टं घेतलं तर कर नाही. तेव्हाही रोज सकाळी गिऱ्हाइकाला "काल तर इतके होते" याचं उत्तर देत बसला तो किराणावालाच. दर ठरतो दिल्लीत, भांडण होतं गल्लीत.

आता वेळेचं बघा. 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीची भेट जाहीर केली. यादी आली 3 सप्टेंबरच्या रात्री, अंमल 22 सप्टेंबरला. मधले 38 दिवस लोक थांबले. गणपती याच दिवसांत, ईद-ए-मिलादही याच दिवसांत. ज्या दिवसांत गल्ला भरायचा त्या दिवसांत गिऱ्हाईक म्हणत होतं, "राहू द्या, 22 तारखेनंतर घेऊ." त्या 38 दिवसांचं दुकानभाडं कुणी माफ केलं नाही.

अमेरिकेत काही राज्ये शाळा सुरू होण्याआधी दोन-तीन दिवस विक्रीकराची सुट्टी देतात. टेक्ससमध्ये 1999 पासून ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारला जोडून ती असते. 100 डॉलरच्या आतले कपडे, दप्तरं, शाळेचं साहित्य त्यात येतं. त्या सुट्टीचेही टीकाकार आहेत, आणि आधीचा आठवडा तिथेही मंदीचा जातो. पण तिथला विक्रीकर फक्त शेवटच्या विक्रीवर लागतो. दुकानदार पुन्हा विकण्यासाठी माल घेतो तेव्हा कर भरत नाही. त्यामुळे सुट्टी आली तरी त्याचं आधी भरलेलं काही बुडत नाही. आपल्याकडे कर टप्प्याटप्प्याने आधीच भरलेला असतो. साखळी मधेच तोडली की ज्याच्या हातात माल, त्याचा हात कापला जातो.

आपल्या भाषेतलाच एक दाखला देते. मुंबईच्या नाक्यांवर 1 जुलै 2017 पर्यंत जी वसूल व्हायची ती 'जकात', आणि आपण रमजानमध्ये काढतो ती जकात, शब्द एकच. नाक्यावरच्या जकातीचं सोडा. पण आपले दुकानदार वर्षाला मालाची मोजदाद करतात तेव्हा शिल्लक माल त्या दिवशीच्या भावाने धरतात आणि अडीच टक्के काढतात. मालाचा भाव पडला तर देणंही कमी होतं. दर वर्षाच्या मध्यात बदलत नाही. देणाऱ्याला नियम आधीपासून ठाऊक असतो. राज्याचा कर आणि इबादत एक नव्हे, हे मला कळतं. पण देणाऱ्याच्या हाती खरोखर काय आहे ते बघून मागावं, एवढी साधी गोष्ट कुठल्याही वसुलीला लागू व्हायला हवी.

मला विचारतात, "टीचर, तुम्हाला वह्या स्वस्त नकोत का?" हव्यात. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत जी एका वहीत पुढून मराठी आणि मागून उर्दू लिहितात. वहीवर कर असणं हीच मुळात शरमेची गोष्ट होती. तो गेला, चांगलं झालं. माझा सवाल एवढाच, की त्याची किंमत मोहल्ल्यातल्या दुकानदाराने एकट्याने का मोजायची?

मागण्या अवघड नाहीत. शाळेच्या वस्तू करमुक्त न म्हणता शून्य दराच्या करा, म्हणजे मागचा कर परत मिळेल. तेवढं जमत नसेल तर अंमलाच्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावरचं क्रेडिट काढून घेऊ नका. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला बिल दाखवून भरपाई मिळेल अशी सोय करा. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यांना, आधीच्या अबकारीचं बिल नसतानाही, शिल्लक मालावर केंद्रीय जीएसटीच्या 60 किंवा 40 टक्के क्रेडिट दिलंच होतं. तेव्हा सुचलं ते आता का सुचू नये? आणि दर बदलायचाच तर शाळेच्या वस्तूंचा मार्चमध्ये बदला, नवा माल भरण्याआधी.

आपल्या लोकांनाही दोन शब्द. दर उतरले नाहीत तर 1915 वर तक्रार करा, असं सरकारने ग्राहकांना सांगितलं. जरूर करा, जिथे नवा माल जुन्या भावाने विकला जातोय तिथे. पण त्याआधी एकदा विचारा, "चाचा, हा माल कधीचा?" मोठ्या दुकानात संगणकावर रात्रीत किंमत बदलते, आणि तिथे आपण शिवी देत नाही. उधारीची वही लिहिणाऱ्या माणसाला मात्र देतो. जूनमध्ये फी आणि वह्या एकदम येतात तेव्हा त्याच माणसाकडे आपण "पुढच्या महिन्यात देते" म्हणतो.

मी पुढच्या तासाला वर्गात चाचांचं बिल नेलं, दुकानाचं नाव झाकून. मुलांना वाचायला लावलं, बेरीज-वजाबाकी करायला लावली. ज्या मुलाची अम्मी भांडली होती त्यानेच आधी हात वर केला. म्हणाला, "टीचर, मग ते पैसे सरकारकडेच राहिले ना?"

हो, तिथेच राहिले. चाचांच्या काउंटरखाली त्या वह्यांचे गठ्ठे अजून आहेत.