तारीख कोणती खरी?

शेतकरी बंधूंनो, फेरफाराचे रजिस्टर आपण सर्वांनी पाहिले आहे. बाप वारला, वारसांची नावे लागली, तरी बापाचे नाव कोणी पुसून टाकत नाही. ते कंसात जाते आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक धरून गाव नमुना 6 उघडला की काय बदलले, का बदलले, कोणत्या तारखेला आणि कोणी मंजूर केले, सगळे सापडते. तीस वर्षांनी भाऊबंदकी उभी राहिली तरी त्याच पानाचा आधार लागतो.

आता पिकाची नोंद मोबाईलवर आली. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. त्याबरोबर अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदली जाते. ही वेळ म्हणजे नोंदीवरचा शिक्काच. पण हा शिक्का एक नसतो, तीन असतात आणि घोळ तिथेच होतो.

बघा, समजा तुम्ही 20 जूनला सोयाबीन पेरले. फोटो 8 ऑगस्टला काढला. शिवारात रेंज नाही, म्हणून माहिती फोनमध्येच राहिली आणि 11 ऑगस्टला वर गेली. पेरणीची तारीख, फोटोची वेळ आणि माहिती पोहोचल्याची वेळ, तिन्ही खऱ्या. पण घाईत पेरणीच्या रकान्यात 8 ऑगस्टच भरली तर पीक कागदावर 49 दिवसांनी लहान झाले.

त्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पूर्वी फारसे बिघडत नव्हते, आता बिघडते. पीक विम्यात केंद्राने 2023 च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात किमान 30 टक्के भार तंत्रज्ञानाला दिला. 2024 च्या खरिपापासून त्यात सोयाबीन आले. म्हणजे पीक कापणी प्रयोगाबरोबर उपग्रहाची छायाचित्रे, हवामान आणि संगणकावरचे मॉडेल यांचाही हिशेब धरला जातो. असे मॉडेल पिकाचे वय पेरणीपासून मोजते. फुले लागताना ताण पडला की शेंगा भरताना, यावर नुकसानीचा आकडा बदलतो. हा अंदाज एकट्या शेताचा नसून विमा क्षेत्राचा असतो हे खरे. पण जमिनीवरून गेलेल्या नोंदीच चुकीच्या असल्या तर मॉडेल चुकीचेच शिकणार. बियाणे भेसळीचे असले की पीक कसे येते, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. 2022 मध्ये ॲपच्या नव्या आवृत्तीत आपली नोंद 48 तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय आली. सोय चांगली. पण कोणत्याही संगणकीय नोंदीत विचारायचा प्रश्न हा, की जुनी माहिती कुठे गेली? जिथे फक्त 'शेवटचा बदल' एवढीच तारीख राहते, तिथे आधीचे सारे पुसले जाते. जिथे प्रत्येक बदल वेगळा राहतो, तिथेच फेरफाराच्या रजिस्टरासारखा माग काढता येतो.

हे गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. पंचनाम्याच्या यादीची फाईल 'अंतिम', मग 'अंतिम 2', मग 'नवीन अंतिम' होत जाते. मधेच कोणाचे तरी 0.80 हेक्टर 0.40 होते आणि कोणी, केव्हा केले, याचे उत्तर कोणाकडेच नसते. शेतकरी चकरा मारतो आणि शिव्या सहायकाला बसतात. उपाय साधा आहे. जुना आकडा खोडू नका. शेजारी नवा आकडा, तारीख-वेळ, बदल करणाऱ्याचे नाव आणि कारण असे चार रकाने करा. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. याद्या आपोआप क्रमाने लागतात.

मात्र शिक्क्यावर आंधळा विश्वास नको. फोनचे घड्याळ चुकलेले असले तर फोटोची वेळही चुकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याच्या पोटातली वेळ व ठिकाणाची माहिती निघून जाते. म्हणून मूळ फोटो फोनमधून काढून टाकू नका. आणि शेजाऱ्याच्या पिकाचा फोटो काढला तरी वेळ बरोबरच पडते. शिक्का 'केव्हा' ते सांगतो, 'खरे की खोटे' ते सांगत नाही. ते बांधावर जाऊनच कळते.

तेव्हा बंधूंनो, पेरणी झाली त्याच दिवशी तारीख वहीत लिहा. फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा. नोंद वर गेल्याचा संदेश जपून ठेवा आणि 48 तासांच्या आत आपली नोंद एकदा उघडून वाचा. उद्या सात-बारावर पीक वेगळे दिसले, तर तुमच्या बाजूने बोलायला तीच तारीख उभी राहील.