परक्यांच्या नावे

बँकेत सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, तिची तात्पुरती सोय तिथे करतात. दिवसाची बेरीज जुळत नसते, पोटात कावळे ओरडत असतात आणि साडेसातची लोकल सुटायला आलेली असते. अशा वेळी फरक सस्पेन्सला ढकलायचा आणि पिशवी उचलायची. कॉम्प्युटर आले, वह्या गेल्या, पण हे खातं काही गेलं नाही. कॉमर्सच्या पहिल्या वर्षालाच मास्तरांनी बजावलेलं असतं, "बाळांनो, सस्पेन्सला टाकली म्हणजे चूक सुधारली असं नव्हे. चूक जिथली तिथेच असते, तिला फक्त राहायला खोली मिळाली."

देशांच्या वह्यांतही असं एक खातं असतं. त्याचं नाव 'परके'. डाळ महाग झाली? परक्यांच्या नावे. पोराला नोकरी नाही? परक्यांच्या नावे. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, चलनाचा भाव घसरला? सगळं परक्यांच्याच नावे. देश जितका अडचणीत, तितकं हे खातं फुगलेलं. आणि खातं फुगलं की एखादा मॅनेजर असा निघतो जो म्हणतो, "खातंच बंद करून टाकू, हिशेब आपोआप जुळेल!"

व्हाउचर नसताना बोलणं बँकेतल्या माणसाला शोभत नाही. तेव्हा हे घ्या व्हाउचर: युगांडा, 1972.

जानेवारी 1971 मध्ये ईदी अमीन या लष्करी गृहस्थांनी तिथली सत्ता बळकावली. मुष्टियुद्धातले ते देशाचे माजी विजेते. पुढे त्यांनी स्वतःला इतक्या पदव्या बहाल केल्या की नुसत्या लिहायच्या तर पासबुकाचं पान पुरलं नसतं. आफ्रिकेतल्या ब्रिटिश साम्राज्याचे विजेते, ही त्यातलीच एक. तिजोरीत मात्र खडखडाट. फौज पोसायची, तर पैसा कुठून आणायचा? तेव्हा 4 ऑगस्ट 1972 रोजी त्यांनी जाहीर केलं की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. आशियाई म्हणजे बहुतेक गुजराती, शिवाय पंजाबी, गोवेकर वगैरे आपलीच मंडळी. कारण काय? तर ही आज्ञा देवाने स्वप्नात येऊन दिली!

आमच्याकडे साध्या पंचवीस हजारांच्या कर्जाला पगाराचा दाखला लागतो, जामीनदार लागतो. स्वप्नाच्या तारणावर कोणी कर्ज दिल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे मात्र पन्नास हजारांच्या आसपास माणसांचा संसार एका स्वप्नावर उठला. शिवाय ती नव्वद दिवसांची मुदत पाहा. आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज एनपीए होतं. अमीनसाहेबांनी माणसंच एनपीए करून टाकली, आणि तीही नियमित हप्ते भरणारी! बरोबर न्यायला परवानगी पन्नासएक पौंडांची. बाकी दुकान, घर, गाडी, सगळं जिथल्या तिथे. ज्यांच्याकडे युगांडाच्या नागरिकत्वाचे कागद होते, त्यांचीही तपासणी झाली आणि बारीकसारीक खोडी काढून हजारोंचे कागद बाद ठरले. एखादी सही जुळली नाही की माणसाचा काय जीव जातो, हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना चांगलं ठाऊक असतं.

आता कोणी म्हणेल, "तिथल्या लोकांची तक्रार खोटी होती का?" अजिबात नाही. इंग्रजांनी वर स्वतः बसून मधल्या पायरीवर आशियाई बसवले आणि ज्याचा देश त्याला जमिनीवर बसवलं. व्यापार आणि कापसाच्या जिनिंग गिरण्या मुख्यतः मधल्या पायरीच्या हातात होत्या. ती मंडळीही आपली आपल्यात राहात. स्थानिकाला नोकर ठेवत, पण पंगतीला बसवत नसत. पंगतीबाबत आपण लोक कसे आहोत हे मी तुम्हांला काय सांगावं! दुखणं खरंच होतं. पण दाढ दुखते म्हणून कोणी डोकं उतरवत नाही.

तर डोकं उतरवलं. मग काय झालं? साडेपाच हजारांवर दुकानं, कारखाने, मळे वाटले गेले. त्यांतला बराच मलिदा लष्करातल्या आणि सरकारातल्या आपल्या माणसांना मिळाला. एक किस्सा अजून सांगितला जातो. नव्या मालकाला शर्टाची किंमत ठाऊक नव्हती. त्याने कॉलरवरचा आकडा वाचला आणि तेवढ्या शिलिंगांना शर्ट विकला! किस्सा खरा असो वा रचलेला, आम्हा कॉमर्सवाल्यांना तो लगेच पटतो. ताळेबंदात गुडविल नावाची एक चीज असते. कोणाला उधार द्यावं, माल कुठून आणावा, कोणाला दोन दिवस थांबायला सांगावं, हे सगळं त्यात येतं. शटर जप्त करता येतं, गल्ला जप्त करता येतो. गुडविल जप्त करायला अजून कोणाला जमलेलं नाही. फळ्या रिकाम्या झाल्या. उसाच्या मळ्यांचा तो देश, पण तिथे साखर मिळेनाशी झाली.

आणि आता विनोद बाजूला ठेवून एक नोंद दाखवतो. त्याच नव्वद दिवसांत, सप्टेंबर 1972 मध्ये, युगांडाचे सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना उच्च न्यायालयातून सैनिकांनी उचलून नेलं. ते परत आले नाहीत. हे गृहस्थ परके नव्हते. ते चांगले भूमिपुत्र होते, देशाचे माजी पंतप्रधान होते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते कायद्याला धरून होते. परक्यांचं खातं बंद केल्याने फरक मिटत नाही. तो नव्या नावावर चढतो, आणि ते नाव घरातलंच असतं. अमीनच्या आठ वर्षांत मारले गेलेल्यांची संख्या काही अंदाजांनुसार 3 लाखांपर्यंत जाते. त्यांतले बहुतेक सगळे युगांडाचेच होते.

एप्रिल 1979 मध्ये टांझानियाच्या फौजा आल्या आणि अमीनसाहेब पळाले. कुठे? आधी लिबियात, मग सौदी अरेबियात. परक्या देशात, परक्या अन्नावर वीसहून अधिक वर्षं काढून 2003 मध्ये ते जेद्दाला वारले. त्यांना कोणी नव्वद दिवसांची नोटीस दिली नाही.

हाकललेल्यांपैकी सुमारे 28 हजार ब्रिटनला गेले. त्यांचे पासपोर्ट ब्रिटिश, म्हणजे ते आपल्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत चालले होते. पण तिथेही खिडकीवर पाटी लागलीच. लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात दिली की आमच्याकडे जागा नाही, कृपा करून इथे येऊ नका. आता मला सांगा, ज्या गावाचं नावही कधी ऐकलं नव्हतं, त्याची फुकट जाहिरात झाल्यावर माणूस दुसरं काय करणार? मंडळी लेस्टरलाच गेली. आज तिथली बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी जगप्रसिद्ध आहे आणि पालिका तिचं कौतुक सांगते.

पुढची नोंद अधिक मजेशीर. प्रीती पटेल यांचे आईवडील 1960 च्या दशकात युगांडातून ब्रिटनला गेले. बाई 2019 मध्ये गृहमंत्री झाल्या आणि त्यांनी बाहेरून येणाऱ्यांसाठी गुणांची कडक पद्धत आणली. 2020 मध्ये त्यांना विचारलं गेलं की या नियमांत तुमचे आईवडील बसले असते का? बसले नसते, हे त्यांनी जवळजवळ कबूलच केलं. 2022 मध्ये तर त्यांनी आश्रय मागणाऱ्यांना विमानात बसवून रवांडाला पाठवण्याची योजना काढली. रवांडा म्हणजे युगांडाच्या शेजारचंच घर! ती योजना न्यायालयात अडकली आणि 2024 मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. शिडीने माळ्यावर गेलेला माणूस पहिलं काम करतो ते शिडी वर ओढून घेण्याचं, हे खरं.

हसू नका. आमच्या सोसायटीत एक काका आहेत. बाहेरच्यांनी शहराचं कसं वाटोळं केलं यावर रोज संध्याकाळी बाकावर त्यांचं व्याख्यान असतं. परवा बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. जर्मनीहून मुलगा होता. त्याचा कायम वास्तव्याचा अर्ज अडकला होता. काका फोन ठेवून म्हणाले, "काय हलकट लोक आहेत हो! पोरगं कर भरतं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि म्हणे बाहेरचा!"

बाकावर कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पण असं कोणी परक्यांविरुद्ध बोलू लागलं की मला एकच विचारावंसं वाटतं, "फरक नेमका कितीचा आहे आणि कुठल्या पानावर आहे?" शाळा कमी असतील तर शाळांचं पान काढा. पाणी मुरत असेल तर ते कुठे मुरतं ते पाहा. पान न दाखवता नुसतं नाव सांगणारा माणूस हिशेबनीस नव्हे. त्याची नजर गल्ल्यावर आहे.

युगांडाने हे पान उशिरा का होईना, पाहिलं. मुसेवेनी यांच्या राजवटीत आशियाई लोकांना परत बोलावलं गेलं आणि अनेकांना मालमत्ता परत मिळाल्या. आज तोच देश आसपासच्या देशांतून पळून आलेल्या 15 लाखांहून अधिक निर्वासितांना सांभाळतो. कम्पालाच्या रस्त्यावर लोक उभ्या उभ्या काय खातात म्हणाल, तर 'रोलेक्स'. घड्याळ नव्हे हो! अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळलेलं. माणसं नव्वद दिवसांत गेली, पण चपातीला नोटीस द्यायची राहून गेली.