भिंतीला प्लास्टिकचा सदरा

दसरा जवळ आला की मोहाडीत रंगाच्या डब्यांची ये-जा सुरू होते. गुलाबी, पोपटी, आकाशी असे डबे घराघरांत जातात आणि दिवाळीपर्यंत गावातील जुनी मातीची घरे नव्या कपड्यांत उभी राहतात. ह्या उत्साहाविषयी आमची तक्रार नाही. सणाला घर उजळावे ही आपल्या लोकांची जुनी आणि सुंदर रीत आहे. तक्रार आहे ती डब्यात काय असते ह्याविषयी. आणि त्याहून अधिक, तो डबा मातीच्या भिंतीवर रिता करण्याचा सल्ला जे छातीठोकपणे देतात त्यांच्याविषयी.

चौंडेश्वरीचे हे गाव वैनगंगेच्या खोऱ्यातले, भातशेतीचे आणि विणकरांचे. येथील जुन्या घराची भिंत हात-दीड हात जाडीची, तणस घालून तुडवलेल्या मातीची. वर सागवानी वासे आणि कवेलू. खाली आजच्यासारखा ओल अडवणारा थर नाही. तेव्हा जमिनीतली ओल भिंतीत चढणारच, आणि वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या ह्या मुलखात ती जरा जास्तच चढते. जुन्या माणसांनी ती अडवली नाही; तिला बाहेर जायला वाट ठेवली. पांढऱ्या मातीचा पोतारा किंवा चुन्याचा हात ह्यांतून ती ओल वाफ होऊन निघून जाते, आणि चैत्र-वैशाखात भिंत पुन्हा कोरडी ठणठणीत होते.

आता ह्याच भिंतीवर प्लास्टिक इमल्शनचे किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. ओल आत येतच राहते, बाहेर जायची वाट मात्र बंद. पहिले वर्ष मोठे छान दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुडघाभर उंचीवर फोड येतात, पापुद्रे सुटतात, खाली लोणा फुलतो. मग रंगारी सांगतो, पुट्टी भरा. पुट्टी सुटली की गवंडी सांगतो, सिमेंटचे प्लास्टर करा, कायमचा निकाल लागेल. निकाल खरोखरच लागतो! माती ऋतूप्रमाणे फुगते आणि आटते, सिमेंटचे कवच ताठ उभे राहते. दोघांत पोकळी पडते. त्या पोकळीत पाणी शिरते, आतली माती चिखल होऊन खचत जाते, आणि बाहेरून भिंत कशी शहरातल्यासारखी गुळगुळीत! विदर्भात दर पावसाळ्यात रात्री भिंत कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. प्रत्येक वेळी दोष रंगाचा वा सिमेंटचा असतो असे आम्ही म्हणत नाही. पण उघड्या मातीच्या भिंतीला भेग पडली, ती पोट काढू लागली, तर घरच्या म्हातारीलाही ते दिसते. झाकलेल्या भिंतीचे दुखणे कोणाला दिसणार?

ह्यावर ठरलेले उत्तर येते : चुना अंगाला लागतो, कपडे पांढरे होतात. ज्यांनी पुडीतली भुकटी सकाळी बादलीत कालवून दुपारी भिंतीवर ओतली त्यांचे कपडे पांढरे होणारच. तो चुना नव्हे, चुन्याची थट्टा आहे. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या पुढे भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवून, पाण्याखालीच आठवडे-महिने मुरवायचा असतो. मग तो लोण्यासारखा होतो. गाळून, दुधासारखा पातळ करून, आधी ओलसर केलेल्या भिंतीवर त्याचे तीन-चार पातळ हात द्यायचे, दोन हातांत एका दिवसाचे अंतर ठेवायचे, आणि ऊन टाळायचे. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा दगड होतो. घाईने वाळवला तर भुकटीच राहतो. त्यात थोडे जवसाचे तेल घातले तर पाण्यालाही टिकतो, आणि जवस आमच्याच शेतांत पिकते. रंग हवा तर गेरू आहे, पिवळी माती आहे, नीळ आहे. एवढे सांभाळावे की चुना डोळ्यांत जाऊ नये, तो भाजतो.

विणकरांच्या घरांचा तर आणखी एक प्रश्न आहे. सूत कोरड्या हवेत तुटते. सारवलेली जमीन आणि मातीच्या भिंती खोलीत किंचित गारवा धरतात, म्हणूनच खड्ड्यातला माग उन्हाळ्यातही चालू शकतो. आंधळगावच्या कोशाचे कौतुक करणाऱ्यांनी माग ज्या खोलीत बसतो तिच्याकडेही एकदा पाहावे.

एक आक्षेप मात्र आम्हांस हसण्यावारी नेता येत नाही. पोतारा कोण घालते? सारवण कोण करते? पाठ मोडेपर्यंत वाकणारी ती बाई असते. शहरातून मोटारीने येऊन मातीच्या घरांचे गोडवे गाणाऱ्या पाहुण्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नाही. सुनेने डब्याचा रंग मागितला तर ती चंगळ करीत नाही, सुटका मागते आहे. ह्याला उत्तर एकच : चुन्याचे काम हे कारागिराचे काम मानावे आणि पैसे मोजून करून घ्यावे. नीट मुरलेला चुना भिंतीवर काही वर्षे राहतो. दर सणाला बादली घेऊन बसावे लागत नाही.

आणि सरकारी भाषेचे काय? मातीची भिंत तिथे 'कच्ची'. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेने अनेक गरिबांना छप्पर दिले, ते आम्ही नाकारीत नाही. पण शंभर वर्षे उभे असलेले घर कच्चे आणि दहा वर्षांत गळू लागलेला स्लॅब पक्का, हे व्याकरण आमच्या गळी उतरत नाही. माणसाला स्वतःच्या घराची लाज वाटायला लावणारा हाच शब्द पुढे त्याच्या हातात प्लास्टिकचा डबा देतो.

गोव्यात जांभ्या दगडाच्या घरांना शिंपल्यांचा चुना लावीत, आणि पावसाळा सरला की रंगाचा नवा हात देण्याची रीत होती. गिरगावच्या खोताच्या वाडीत एके काळी सुमारे ६५ घरे होती, आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. जी आहेत ती लोक लांबून पाहायला येतात. मोहाडीला कोणी पाहायला येणार नाही. म्हणून इथले घर नीट राखायचे नाही, असा का त्याचा अर्थ?

सागवानी खांबांविषयी थोडेसे. त्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा ऑइल पेंट चढला आहे, आणि तो कोरड्या सॅण्डपेपरने घासून काढण्याची नवी हौस निघाली आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीचा थर कशाचा आहे, कोणी सांगावे? ती धूळ रांगत्या मुलांच्या पोटात जाते. खांब ओला करून, मुलांना दुसऱ्या घरी पाठवून, खरवड गोळा करून मगच काम करावे. वर जवसाचे तेल पुरेसे आहे.

ह्या दिवाळीला ज्यांना सगळी भिंत जमणार नाही त्यांनी जमिनीपासून कमरेपर्यंतचा पापुद्रा तरी काढावा, सिमेंट असेल तर हलक्या हाताने सोडवावे, माती-तणसाने भरून उन्हाळाभर वाळू द्यावे. चुना आतापासूनच रांजणात विझत घालावा. आणि तो लावायला येणाऱ्या माणसाला, किंवा बाईला, डब्यावाल्या रंगाऱ्याइतकीच मजुरी द्यावी.