गाठ माझ्याशी आहे!

शर्टाचं वरचं बटण लागेना. गोष्ट इथून सुरू होते.

क्लायंट व्हिजिटचा सोमवार. टाय कम्पल्सरी. आरशासमोर उभा राहून मी कॉलरशी झटापट करतोय आणि डोक्यात एकच प्रश्न, की च्यायला, पँट तर कमरेवरून घसरतेय, मग गळा कसा काय जाड झाला? बोट फिरवलं. डावीकडे, कॉलरबोनच्या जरा वर, बोराएवढी एक गाठ. दाबून पाहिली. दुखली नाही. खोडरबर दाबल्यासारखं वाटलं. बटण उघडं ठेवलं, टायची गाठ वर ओढली, तिच्याखाली ही गाठ झाकली आणि हिंजवडीची बस पकडली.

पुढचे दोन महिने मी हेच केलं. झाकाझाकी!

तसे सिग्नल भरपूर मिळत होते. रात्री टी-शर्ट पिळून काढावा इतका घाम यायचा. मी पंख्याला दोष दिला. संध्याकाळी अंगात कसकस असायची. ऑफिसचा एसी! सगळ्या अंगाला खाज सुटायची, पण पुरळ कुठे नाही. नवा साबण! सहा महिन्यांत ७४ चा ६६ किलो झालो, तेव्हा तर टीममध्ये आपण एकदम हिट. ‘काय रे, जिम की डाएट?’ असं पोरी येऊन विचारायच्या. मी नुसता गूढ हसायचो. फुकटात मिळालेली फिगर कोण नाकारतो?

शेवटी पकडलं ते आईनं. २०२३ च्या दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो. पहाटे अभ्यंगाचं तेल चोळताना तिचा हात मानेवर थांबला.

‘हे काय रे?’

‘अगं, अवधाण आलं असेल.’

‘किती दिवस आहे?’

दोन महिने, म्हणालो. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. नरकासुराच्या आधी माझाच वध होणार, असा चेहरा होता तिचा.

आता अवधाण हा काही मी मारलेला बाण नव्हता. आपल्या मानेत, काखेत, जांघेत लसीका ग्रंथी असतात. लिम्फ नोड्स. शरीराच्या पोलीस चौक्या म्हणा हवं तर. घसा बसला, दाढ किडली, डोक्यात फोड आला, की जवळची चौकी कामाला लागते आणि सुजते. अशी गाठ बहुतेक वेळा दुखते आणि आजार ओसरला की दोन-तीन आठवड्यांत उतरते. तरुण वयात मानेत येणाऱ्या बहुतेक गाठी याच जातीच्या. त्यामुळे हे वाचता वाचता ज्यांचा हात मानेकडे गेलाय, त्यांनी आधी एक श्वास घ्यावा. पण माझी गाठ दुखत नव्हती, उतरत नव्हती आणि तिच्या शेजारी आणखी दोन बिऱ्हाडं राहायला आली होती.

मग दवाखाना. सुई टाकून तपासणी झाली. रिपोर्टमध्ये ठाम काहीच नाही. ‘टीबी असेल, गोळ्या चालू करू,’ असं डॉक्टर म्हणाले. आजीच्या भाषेत गंडमाळ. खरं सांगू? मला बरं वाटलं. टीबी म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स, संपला विषय. लघवी लाल व्हायला लागली (त्या गोळ्यांनी होतेच), तेव्हा औषध लागू पडतंय अशी मी स्वतःची समजूतही काढली. तीन महिने गोळ्या घेतल्या. गाठ लिंबाएवढी झाली.

त्या डॉक्टरांना शिव्या घालायला हा कॉलम नाही. आपल्या देशात मानेत ठाण मांडून बसलेली गाठ म्हटली की टीबीची शंका यायलाच हवी, कारण पुष्कळदा तो टीबीच असतो. घोटाळा एवढाच झाला, की शंकेवर औषध चालू झालं आणि पुरावा मागायचा राहून गेला. तो मीही मागितला नाही. सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग केल्याशिवाय बिल्ड पुढे सोडत नाही आपण, आणि स्वतःच्या मानेच्या बाबतीत?

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, ‘मला सुईभर नको, अख्खी गाठ हवी.’

फंडा असा आहे. माझ्या आजारात गाठीतल्या खऱ्या कॅन्सरच्या पेशी अगदी मोजक्या असतात, कित्येकदा शंभरात एखादीच. बाकी सगळी बघ्यांची गर्दी! सुईला बघेच सापडतात आणि गुन्हेगार निसटतो. अख्खी गाठ काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली, की तो दिसतो. दोन केंद्रकांची मोठी पेशी, घुबडाच्या डोळ्यांसारखी. रिपोर्ट आला. हॉजकिन लिम्फोमा.

आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘त्याला परळला नेलंय’ एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं. टाटा मेमोरियल १९४१ पासून तिथे आहे, म्हणजे तीन पिढ्या आपण त्या एका स्टेशनच्या नावाआड लपतोय. बाबा फोनवर काकांना म्हणाले, ‘परळचं आहे,’ आणि रडले. मी पुण्यात, माझ्या फ्लॅटच्या किचनमध्ये उभा राहून ते ऐकत होतो. वय वर्षे २८.

डॉक्टर बाईंनी मात्र एका वाक्यात मला जमिनीवर आणलं. ‘कॅन्सर हे आडनाव आहे रे. नाव काय, ते विचारत जा.’

दोस्तहो, सगळ्या लेखात एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, तरी ती एकच गोष्ट नसते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, गिळताना वर-खाली होणारी असेल, तर संशय थायरॉइडवर. तरुण मुलींमध्ये थायरॉइडचा पॅपिलरी नावाचा कॅन्सर आढळतो, ऑपरेशन होतं आणि बहुतेक जणी अगदी नॉर्मल आयुष्य जगतात. जबड्याखालची टणक गाठ कधी कधी तोंडातल्या किंवा घशातल्या कॅन्सरची पहिली खबर असते. मावा, गुटखा आणि सुट्ट्याच्या ब्रेकवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. आणि हॉजकिन हा तर खास आपल्या वयाला धरणारा प्राणी. विशीपासून चाळिशीपर्यंत त्याची एक लाट येते, दुसरी पंचावन्ननंतर. थॉमस हॉजकिन या लंडनच्या डॉक्टरनं १८३२ मध्ये अशा सात रुग्णांची नोंद केली, म्हणून हे नाव. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. आज सुरुवातीच्या टप्प्यात सापडला, तर दहातले नऊ किंवा त्याहून जास्त बरे होतात. चौथ्या स्टेजलाही दहातले आठ-एक जण. ‘फोर्थ स्टेज म्हणजे संपलं’ हे सिनेमातलं गणित इथे लागू नाही.

माझी स्टेज दुसरी. मान आणि छाती. घाम, ताप आणि घटलेलं वजन यासाठी पुढे ‘बी’ हे अक्षर. माझ्या त्या फिगरला मेडिकलमध्ये चक्क ग्रेड होती!

केमो सुरू होण्याआधी डॉक्टर बाई म्हणाल्या, ‘लग्न व्हायचंय ना? मग आधी स्पर्म बँकेत जाऊन ये.’ आई शेजारच्याच खुर्चीत. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो. या औषधांनी मूल होण्याची क्षमता कायमची जाण्याचा धोका कमी असतो, पण शून्य नसतो, आणि केमो सुरू झाल्यावर हा रस्ता अवघड होतो. म्हणून आधी. मुलींसाठीही बीजांड गोठवण्यासारखे मार्ग आहेत, फक्त वेळेत विचारावं लागतं. बाहेर आल्यावर आई रिक्षात गप्प होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘नातवंडांचं आत्ताच बघितलेलं बरं.’ आम्ही दोघं इतकं हसलो की रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. घरी आल्यावर ती बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ होती.

मग बारा डोस, दर पंधरवड्याला एक. चार औषधं. त्यातलं अॅड्रियामायसिन लालभडक, पुन्हा लघवी लाल! डॅकार्बाझिनला उजेड चालत नाही, म्हणून त्याची बाटली झाकलेली. आणि व्हिन्ब्लास्टिन चक्क सदाफुलीचं. हो, आपल्या बाल्कनीतली सदाफुली! १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बिअर हे दोघे मधुमेहासाठी ती तपासत होते आणि त्यांना दिसलं, की तिच्या अर्कानं पांढऱ्या पेशी घटतात. हे मी व्हॉट्सअॅपवरच्या फॅमिली ग्रुपवर टाकायची चूक केली. काकूचा लगेच फोन, ‘मग इंजेक्शनं कशाला, रोज पानांचा रस घे की!’ काकू, १ ग्रॅम औषध मिळवायला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात, आणि नुसता रस प्यायला तर विषच. काकूनं रोप मात्र आणून दिलं. अजून आहे.

चार डोसांनंतर पेट स्कॅन झाला. अंगात किंचित किरणोत्सारी साखर सोडतात. ज्या पेशींना भूक जास्त, त्या स्क्रीनवर उजळतात. माझी मान अंधारी होती. आयुष्यात अंधार बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. पुढच्या डोसांतून फुप्फुसांना त्रास देणारं ब्लिओमायसिन वगळलं.

सगळं झक्कास झालं असं नाही. केस गेले, आले. बोटांची टोकं बधिर झाली, की-बोर्डवर ‘एस’च्या जागी ‘डी’ दाबायचो. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमनं हात दिला, पण नोकरी बदलायची ऑफर सोडावी लागली. एक स्थळ चालून आलं होतं, ते आवाज न करता परत गेलं. मी रागावलो नाही, म्हणजे दोन दिवस रागावलो. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रीटमेंट संपली. तेव्हापासून फॉलोअप. तपासणीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही आणि दर आंघोळीला हात मानेवर जातो. ‘बरा झालास ना आता?’ असं लोक विचारतात. हो म्हणतो. पण सिगारेट कायमची बंद, हृदयाची तपासणी अधूनमधून, आणि ते तीन महिने आठवले की अजून पोटात खड्डा पडतो.

मध्यंतरी ऑफिसच्या पॅण्ट्रीत टीममधला एक मुलगा कॉफी ढवळत माझ्याजवळ उभा राहिला. बराच वेळ ढवळत होता. मग हळूच म्हणाला, ‘सर, मला पण एक आहे. इथे. दीड महिना झाला.’ त्याच दुपारी हाफ डे टाकून मी त्याला घेऊन गेलो. अक्कलदाढ निघाली! डेंटिस्टनं दाढ काढली, गाठ उतरली. पोरानं मला मिसळ खिलवली.

तेव्हा साधा हिशोब. गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढतेय, दुखत नाही, टणक किंवा रबरासारखी आहे, तर डॉक्टरांना दाखवा. कॉलरबोनच्या वर असेल तर आठवडाही थांबू नका. सोबत ताप, घाम, घटलेलं वजन किंवा बसलेला आवाज असेल, तर हे न लाजता सांगा. आणि कोणी शंकेवर महिनोन्‌महिने गोळ्या देत असेल, तर हात जोडून, पण ठामपणे विचारा, ‘डॉक्टर, बायोप्सी कधी करायची?’

मला विचाराल तर, मी परवा नवा शर्ट घेतला. ट्रायल रूममध्ये आधी वरचं बटण लावून बघितलं. लागलं!