साथीतही ईसीजीची खोली उघडी ठेवा : तंत्रज्ञांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य



सरकारी रुग्णालयांत ईसीजी काढणारे आम्ही तंत्रज्ञ. माणसाला हृदयविकार जडला आहे हे पुष्कळदा पहिल्यांदा आमच्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावर दिसते. म्हणूनच कोविडच्या महासाथीत काय घडले याचा हिशेब आम्ही मांडत आहोत.

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी लागली आणि ईसीजीच्या खोलीबाहेरचा बाक रिकामा झाला. रजिस्टरात तारखेखाली तारीख पडत गेली, नावे मात्र तुरळक. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 187 रुग्णालयांतून नोंदी गोळा केल्या, तेव्हा हार्ट अटॅकने दाखल होणारे रुग्ण आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. इंग्लंडमध्ये मार्च 2020 अखेर ही घट 40 टक्के होती. डेन्मार्कमध्ये टाळेबंदीच्या पहिल्या तीन आठवड्यांत एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांची नवी निदाने 2019 च्या तुलनेत 47 टक्क्यांनी कमी झाली.

हवेतला धूर कमी झाला, धावपळ थांबली, त्यामुळे आजारही थोडाफार घटला असेल. पण नंतर आलेले कागद वेगळेच सांगत होते. दिवाळीच्या सुमारास धाप लागते म्हणून एक शेतकरी आले. छातीवर लीड लावून कागद ओढला, तर पुढच्या तीन-चार लीडमध्ये खोल क्यू वेव्ह, म्हणजे होऊन गेलेल्या हार्ट अटॅकची खूण. डॉक्टरांनी विचारल्यावर म्हणाले, एप्रिलमध्ये एक रात्र छाती भरून आली होती, घाम सुटला होता. दवाखान्यात गेलो तर कोरोना म्हणून ठेवून घेतील, या भीतीने पित्त समजून सोडा घेतला. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या बारा तासांतच उपयोगी, आणि जितके लवकर तितके बरे. ती वेळ निघून गेली, स्नायूचा तो भाग मेला आणि हाती आले ते निकामी होत चाललेले हृदय. सरकारदप्तरी एप्रिलमध्ये हे गृहस्थ हृदयरोगी नव्हतेच. निदान घटले म्हणजे रोग घटला असे धरून पुढची साथ हाताळली गेली तर अशीच माणसे पुन्हा गमावली जातील.

दुसरी बाजू खुद्द विषाणूची. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यनोंदींवरचा मोठा अभ्यास फेब्रुवारी 2022 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने छापला. कोविड झालेल्यांत पुढच्या वर्षभरात हृदय व रक्तवाहिन्यांचे नवे विकार कोविड न झालेल्यांपेक्षा दर हजारी सुमारे 45 ने अधिक निघाले. ज्यांना दाखल व्हावे लागले नाही त्यांच्यातही धोका वाढलेला होता. अभ्यासातले हे माजी सैनिक बहुतांश वयस्कर पुरुष, म्हणून तोच आकडा महाराष्ट्राला लावता येणार नाही. आपला आकडा आपणच काढायला हवा.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी : साथ कोणतीही असो, ईसीजी आणि ट्रोपोनिन तपासणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी) अत्यावश्यक सेवा म्हणून जाहीर करावी. तापाच्या ओपीडीपासून वेगळे दार आणि वेगळी खोली द्यावी, आणि छातीत दुखणाऱ्याला स्वॅबच्या अहवालासाठी ताटकळत ठेवू नये. ईसीजी तंत्रज्ञाला बदली माणूस दिल्याशिवाय स्वॅब किंवा डेटा एंट्रीच्या कामाला जुंपू नये. यंत्र सुरू आहे पण चालवणारा दुसऱ्या ड्युटीवर आहे, हा प्रकार रुग्णाच्या जिवावर उठतो.

दुसरी मागणी नोंदीची. नवी निदाने राष्ट्रीय पातळीवर नोंदली जात होती, म्हणून डेन्मार्कला काही आठवड्यांतली घट दिसली. प्रत्येक ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयाने हृदयरोगाच्या नव्या निदानांची संख्या दरमहा जाहीर करावी आणि ती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावी. संख्या एक चतुर्थांशाने घसरली तर कोणी समाधान मानू नये; उलट आशाताईंमार्फत घरोघर छातीतले दुखणे, धाप आणि पायांवरची सूज यांची चौकशी सुरू व्हावी. त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा, हेही आम्ही येथेच नोंदवतो.

तिसरी मागणी कोविड होऊन गेलेल्यांसाठी. कोविडने दाखल झालेल्यांची नावे रुग्णालयांच्या दप्तरात आहेत. त्यांना बोलावून एकदा रक्तदाब आणि ईसीजी, गरज पडल्यास इको करावा. तरुणांच्या अचानक मृत्यूंमुळे गावोगाव लसीविषयी भीती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 47 रुग्णालयांच्या मदतीने 18 ते 45 वयोगटाचा अभ्यास केला. त्यात लसीने अशा मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले नाही. कोविडसाठी दाखल झालेल्यांत आणि घरात असा मृत्यू आधी घडलेल्यांत मात्र तो जास्त दिसला. ही माहिती सोप्या मराठीत प्रत्येक ओपीडीत लावावी.

साथ आली की रक्तदाबाच्या रुग्णांना तीन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत. शाळा बंद असताना राहून गेलेल्या मुलांच्या हृदयतपासण्याही पूर्ण कराव्यात.

पहिल्या दोन मागण्यांसाठी नवी इमारत बांधावी लागत नाही, लेखी आदेश पुरतो. तो येत्या अधिवेशनापूर्वी निघावा, आणि उरलेल्या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या शिष्टमंडळाला वेळ मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
ईसीजी तंत्रज्ञ संघटनेचे पदाधिकारी व सभासद